पाण्याचा जुना धसका घालवायचा तर आधी पाय टेकायला शिका, मग पोहायला

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चाळिशीच्या आसपास, लहानपणी गटांगळ्या खाल्ल्याचा धसका, कमरेइतक्या पाण्यात उतरलं तरी जीव घाबरा होतो, दोनदा पोहण्याचा वर्ग लावून सोडून दिला. ही भीती आता या वयात जाईल का, आणि जायची असेल तर नेमकं काय करायचं?

जाते. वय आड येत नाही, शिकण्याचा क्रम आड येतो. बहुतेक वर्गांत पहिल्याच दिवशी कठडा धरून पाय मारायला लावतात, मग फळी, मग हात. ज्याला पाण्याची भीती नाही त्याला हा क्रम चालून जातो. धसका घेतलेल्या माणसाला मात्र त्याआधी तीन गोष्टी यायला हव्यात: तोंड पाण्यात असताना श्वास सोडणं, आडवं असताना हवं तेव्हा पाय टेकवून उभं राहणं, आणि पाणी आपल्याला वर उचलतं हे स्वतःच्या अंगाने अनुभवणं. या तीन गोष्टी येण्याआधी हातपाय मारायला लावलं, की प्रत्येक तास भीतीचाच सराव होऊन बसतो. वर्ग दोनदा सुटला याचं कारण बहुधा इथेच आहे, तुमच्या हिमतीत नाही.

भीती इतकी वर्षं टिकते ती टाळण्यामुळे. पाण्याजवळ गेलं की धडधड वाढते, मागे फिरलं की लगेच बरं वाटतं, आणि मेंदू त्या सुटकेची नोंद ठेवतो: मागे फिरलो म्हणून वाचलो. थांबलो असतो तर काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही. म्हणून पाण्याजवळ जायचं, पण सोसेल इतक्याच टप्प्याने, आणि धडधड उतरायला लागेपर्यंत तिथेच थांबायचं. ही पद्धत शंभर वर्षांची आहे. १९२४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती घालवली, ती त्याला आवडीचं खाणं देत देत ससा हळूहळू जवळ आणून. खोल पाण्यात ढकलून देणं म्हणजे याच्या नेमकं उलट. त्यात माणूस हातपाय झाडून कसाबसा काठाला लागतो आणि शिकतो एवढंच, की पाण्यात आपला ताबा राहत नाही आणि सोबतच्या माणसावर विश्वास ठेवता येत नाही.

टप्पा सोसेल इतका आहे की नाही, हे ठरवायला भीतीला ० ते १० असे गुण द्या. सराव ३ ते ५ च्या टप्प्यावर करायचा. ७ च्या वर गेलं की पुढे सरकायचं नाही. तिथून पळायचंही नाही. एक टप्पा मागे येऊन, म्हणजे छातीइतक्या पाण्यातून कमरेइतक्या पाण्यात येऊन, तिथे थांबायचं. प्रत्येक टप्प्याआधी आपल्याला काय होईल असं वाटतंय, ते एका वाक्यात मोठ्याने म्हणा किंवा लिहून ठेवा: ‘चेहरा पाण्यात घातला की श्वास कोंडेल’, ‘पाय उचलले की मी खाली जाईन’. टप्पा झाल्यावर खरं काय झालं तेही लिहा. धडधड किती कमी झाली यापेक्षा या दोन वाक्यांतला फरक जास्त कामाचा असतो, कारण जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्याशेजारी नवा अनुभव उभा राहतो आणि हळूहळू तोच आधी आठवायला लागतो.

आता शरीराकडे वळतो, कारण पाण्यात जे वेगळं जाणवतं त्यातलं बरंचसं साधं भौतिकशास्त्र असतं आणि माणूस ते धोक्याचं लक्षण समजतो. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की छाती आवळल्यासारखी वाटते. पाण्याचा दाब छातीवर आणि पोटावर पडतो, पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, आणि श्वास घ्यायला खरोखरच थोडं जास्त बळ लागतं. हे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही होतं. फरक इतकाच, की त्याला त्याची सवय असते आणि तुम्हाला वाटतं, श्वास कोंडायला सुरुवात झाली. एक-दोन मिनिटं तिथे उभं राहून हळू श्वास सोडत राहिलं की शरीर जुळवून घेतं. थंड पाण्यात याहून वेगळी गोष्ट घडते: १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम उतरलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि धाप लागते. ही प्रतिक्रिया पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जोरात असते. भीती घालवायला असं पाणी नकोच. २९ ते ३२ अंशांचा कोमट तलाव मिळाला तर अर्धं काम सोपं होतं. कुडकुडणारं अंग आणि घाबरलेलं अंग यातला फरक तुम्हाला आतून ओळखता येत नाही.

नाकात पाणी गेल्यावर जी झणझण होते ती पाणी आणि शरीरातले द्रव यांतल्या क्षारांच्या फरकाने होते. त्रासदायक आहे, पण ते पाणी फुप्फुसात गेलेलं नसतं. ठसका लागणं म्हणजे श्वासनलिका स्वतःला वाचवते आहे, यंत्रणा नीट चालू आहे. कानात गेलेलं पाणी ‘डोक्यात’ जात नाही, कानाचा पडदा ते अडवतो. पडद्याला छिद्र असेल किंवा कानात नळी बसवलेली असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कान पाण्यात घालू नका. आणि डोळे: पाण्याखाली उघड्या डोळ्यांना धुरकट दिसतं, त्यामुळे तळ आहे की नाही याचाच अंदाज जातो. साधा नीट बसणारा गॉगल लावला की तळ लख्ख दिसतो, उलट आहे त्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने जवळ दिसतो. एवढ्याशा बदलाने भीतीचे दोन गुण उतरलेले पुष्कळदा दिसतात. गॉगल पहिल्या दिवसापासून वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

पहिला सराव घरीच, तलावाशिवाय. अंघोळीच्या वेळी डोक्यावरून तांब्याने कोमट पाणी सोडा आणि चेहरा लगेच पुसू नका. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चेहरा पुन्हा पुन्हा पुसणं हीच सुटकेची सवय आहे आणि तलावात तीच सर्वांत जास्त नडते. दोन्ही हात चेहऱ्याकडे गेले की तोल सांभाळायला हात उरत नाहीत. पाच सेकंद, मग दहा, मग तीस सेकंद चेहऱ्यावरून पाणी ओघळू द्या, डोळे उघडझाप करून पाणी झटका. हे जमलं की रुंद भांड्यात कोमट पाणी घेऊन टेबलापाशी बसा. आधी हनुवटी, मग ओठ, मग तोंडाने बुडबुडे, मग नाक, शेवटी कपाळापर्यंत पूर्ण चेहरा.

इथे नेमकं काय शिकायचं ते नीट समजून घ्या. तोंडाने एका सेकंदात साधा श्वास घ्यायचा, छाती फुगवून नाही. चेहरा पाण्यात घालायचा आणि तीन-चार सेकंद नाकातून ‘हंऽऽ’ असा गुणगुणल्यासारखा आवाज करत श्वास सोडायचा. हवा नाकातून बाहेर येत असते तोवर पाणी आत शिरू शकत नाही, आणि आवाज चालू आहे म्हणजे श्वास चालू आहे, याची खात्री कानालाच मिळते. चेहरा वर, तोंडाने श्वास, पुन्हा आत. सलग दहा वेळा, मध्ये न पुसता, न थांबता. दहा वेळा का? कारण खरी चूक चौथ्या-पाचव्या वेळी उघडी पडते. घाबरलेला माणूस श्वास पूर्ण सोडत नाही. भरलेल्या छातीत वरून आणखी श्वास भरतो, पाच-सहा वेळांत छाती गच्च होते आणि हवा अपुरी पडतेय असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात हवा जास्त झालेली असते. श्वास घेण्याची तगमग प्राणवायू संपल्याने नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते, म्हणून आधी सोडायचं, घेणं आपोआप होतं. दहाच्या दहा वेळा सारख्या लयीत जमेपर्यंत तलावाची घाई करू नका. मात्र श्वास रोखून किती सेकंद राहता येतं याची चढाओढ करू नका, आणि पाण्यात जाण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची युक्ती कधीही वापरू नका. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची हाक उशिरा येते आणि त्याआधीच माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो.

तलावावर गर्दी नसलेली वेळ निवडा, जीवरक्षक हजर असेल तेव्हाच जा आणि त्याला तुमची भीती स्पष्ट सांगा. उथळ भाग किती खोल आहे आणि उतार कुठे सुरू होतो, हे काठावरून चालत पाहून घ्या. अचानक पायाखालचा तळ सरकला तर महिनाभराचं काम मागे जातं. शिडीवरून काठाकडे तोंड करून उतरा. पहिल्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात पाठ भिंतीला टेकवून उभं राहणं आणि कठड्यालगत चालणं, एवढं झालं तरी पुरे. चालताना गुडघे किंचित वाकवा आणि तळवे पाण्यात आडवे फिरवा. हाताने पाणी दाबलं की अंग कसं हलतं, तोल कसा सावरतो, हे तेव्हाच कळायला लागतं. मग कठडा धरून घरचीच लय: तोंडाने श्वास, चेहरा आत, गुणगुणत सोडणं. सलग तासभर पाण्यात राहू नका. तीस ते चाळीस मिनिटं आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा, हे आठवड्यातून एकदा दीड तासापेक्षा कितीतरी चांगलं. दमण्याआधी, गारठण्याआधी आणि जमलेल्या गोष्टीवर थांबा.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वगळला जाणारा: आडव्या स्थितीतून उभं राहणं. तरंगायला घाबरणाऱ्या माणसाची खरी भीती बहुतेकदा तरंगण्याची नसतेच. एकदा पाय सुटले की ते परत टेकवता येणार नाहीत, ही ती भीती असते, आणि ज्याला कोणी शिकवलेलं नाही त्याच्या बाबतीत ती खरीही असते. म्हणून तरंगण्याआधी हे शिकायचं. छातीइतक्या पाण्यात दोन्ही हातांनी कठडा धरा, चेहरा पाण्यात, पाय मागे सोडून पालथे व्हा. आता दोन्ही गुडघे पोटाशी ओढा, पाय अंगाखाली येऊ द्या, धड सरळ झालं की मगच पाय खाली सोडून तळ शोधा, आणि डोकं सर्वांत शेवटी वर काढा. नेहमीची चूक म्हणजे आधी डोकं वर काढणं. डोकं आधी वर आलं की कंबर वाकते, पाय मागेच राहतात, बोटं तळावरून घसरतात आणि माणूस नेमका त्या क्षणी गडबडतो. दुसरी चूक, गुडघे पोटाशी येण्याआधीच पाय ताठ करणं. कठडा धरून सहज जमलं की सोबतच्या माणसाच्या हाताच्या आधाराने, आणि मग कठडा सोडून: समोर पसरलेले हात खाली मांड्यांकडे दाबले की धड आपोआप उभं होतं. उताण्या स्थितीतून येताना हनुवटी छातीला लावायची, खुर्चीवर बसल्यासारखी कंबर खाली सोडायची, गुडघे छातीकडे आणायचे आणि तळव्यांनी पाणी मागून खाली व पुढे ओढायचं. सांगितल्याबरोबर, न घाईत, दोन्ही बाजूंनी जमायला लागलं की भीतीचा आकडा एकदम खाली येतो. इथे चार-पाच तास गेले तरी ते वाया गेले असं समजू नका.

मग तरंगणं. आधी उलटा प्रयोग करा: कमरेइतक्या पाण्यात मोठा श्वास घेऊन तळाला मांडी घालून बसायचा प्रयत्न करा, किंवा तळावर ठेवलेली रिंग उचला. बसताच येत नाही, पाणी वर ढकलतं. बुडणं इतकं अवघड आहे, हे कोणी सांगून पटत नाही, या प्रयोगाने पटतं. कारण सरळ आहे: फुप्फुसं भरलेली असताना बहुतेक माणसांचं अंग पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, श्वास पूर्ण सोडला की किंचित जड. आत घेतलेली एक लिटर हवा साधारण एक किलो वजन उचलून धरते. सडपातळ, कसलेल्या अंगाच्या माणसाचे पाय खाली जातात; त्यात बिघडलं काहीच नाही, नाकतोंड वर असल्याशी मतलब. त्यानंतर गुडघे हातांनी छातीशी धरून, चेहरा पाण्यात घालून गोळा व्हा. क्षणभर खाली जाऊन पाठ वर येते. तो क्षणभर आधीच माहीत असू द्या, नाहीतर नेमका तेव्हाच माणूस सुटायची धडपड करतो.

उताणं तरंगताना अडतं ते कानांपाशी. कान पाण्यात गेले की आवाज बदलतात, स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो, आणि पुष्कळ जण तिथेच डोकं उचलतात. डोकं चार-पाच किलोचं असतं. ते पाण्याबाहेर आलं की कंबर बुडणारच. म्हणून कानांचा सराव वेगळा करा: पायरीवर किंवा भिंतीपाशी गुडघे वाकवून कान बुडेपर्यंत मान मागे टाका, अर्धा मिनिट तसेच राहा, आवाजाची ओळख होऊ द्या. मग सोबत्याचा एक तळवा डोक्याखाली, दुसरा पाठीखाली. नजर छताकडे किंवा आकाशाकडे, पोट वर, गुडघे सैल, हात डोक्याच्या दिशेने पसरलेले. श्वास भरून घ्या, थोडा राखून हळू सोडा, लगेच पुन्हा भरा. पूर्ण सोडला की अंग थोडं खाली जातं आणि पाणी तोंडाशी येतं. तेव्हा दचकू नका, पुढच्या श्वासाला परत वर येता. आधार कमी करायचा तो आधी सांगून: पूर्ण तळवा, मग चार बोटं, मग एक, मग काही नाही.

सोबत्याबद्दल दोन गोष्टी, कारण भीती घालवण्यात निम्मा वाटा त्याचा असतो. ‘माझ्यापर्यंत ये’ म्हणून बोलवायचं आणि ती व्यक्ती जवळ आली की मागे मागे सरकायचं, ही युक्ती वापरणाऱ्याला पुन्हा पाण्यात सोबत घेऊ नका. ‘सोडणार नाही’ म्हटलं तर सोडायचं नाही, आणि सोडायचं असेल तर आकडे मोजून सोडायचं. दुसरं, सोबत्याने तुम्हाला धरण्यापेक्षा तुम्ही त्याचा हात कोपराखाली धरा. सुटायचं कधी हे मग तुमच्या हातात राहतं.

हवा भरलेल्या बाहुपट्ट्या आणि ट्यूब टाळाव्यात असं माझं ठाम मत आहे. त्या माणसाला उभं ठेवतात, तरंगायला लागतं आडवं. शिवाय वाचवलं कोणी याचं श्रेय ट्यूबला जातं आणि ती काढली की भीती पहिल्याइतकीच उभी. नाकाची क्लिप सुरुवातीला चालेल, श्वास सोडण्याची लय बसली की काढा. आणि उतरण्याआधी दारू किंवा झोप आणणारी, गुंगीची गोळी घेऊन ‘धीर’ करणं सरळ धोक्याचं आहे.

पुरुषभर पाण्यात जाण्याआधी पालथं आणि उताणं तरंगणं, एका अवस्थेतून दुसरीत वळणं आणि दोन्हींतून उभं राहणं, हे सगळं उथळ भागात न चुकता यायला हवं. मग उथळ भागातून कठडा धरून हाताहाताने खोल भागाकडे सरका, तळ सुटतो तिथे थांबा, तिथेच श्वासाची लय करा, परत या. पुढच्या वेळी तिथेच कठडा धरून डोकं पाण्याखाली न्या आणि गॉगलमधून तळ बघा. दोन मीटर असो की चार, तरंगायला वरचं अर्धा मीटर पाणीच लागतं. खोली वाढली म्हणून उठाव कमी होत नाही. कठड्याला एक हात लावून उताणं तरंगणं, मग हात सोडून पाच सेकंद, मग दहा. उभ्याने पाणी तुडवायला, म्हणजे हातपाय हलवत डोकं पाण्यावर ठेवायला, इथेच शिका, पोहण्याचे हात त्यानंतर.

मधेच घबराट उसळली तर? उथळ पाण्यात असाल तर पाय टेका, एक हात कठड्यावर, आणि श्वास घेण्याऐवजी लांब सोडण्याकडे लक्ष द्या: चार मोजत घ्या, सहा ते आठ मोजत सोडा. घबराटीची लाट साधारण दहा मिनिटांच्या आत शिखर गाठते आणि उतरते. त्या काळात पाण्याबाहेर पळू नका; कमरेइतक्या पाण्यात थांबा, आकडा उतरू द्या आणि एक सोपी गोष्ट करूनच बाहेर या. खोल पाण्यात असाल तर उताणे व्हा, कान पाण्यात, हालचाल कमी. धडपडून वर चढायचा प्रयत्न केला की हात पाण्याबाहेर जातात आणि तेवढं वजन डोक्याला खाली दाबतं.

मिरगी, हृदयविकार, नीट आटोक्यात नसलेला दमा किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. बुडण्याचा प्रसंग स्वप्नांत येतो, डोळ्यांसमोर पुन्हा घडल्यासारखा दिसतो, तोंडावर पाणी आलं की भान हरपल्यासारखं होतं, असं असेल तर हे काम पोहणं शिकवणाऱ्याचं नाही; आघातावर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ गाठा आणि तलावाचा सराव त्यांच्या सल्ल्याने सुरू करा. नुसत्या विशिष्ट, म्हणजे एकाच ठरावीक गोष्टीच्या भीतीसाठीही असे उपचार आहेत. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये अशा भीतींसाठी जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच सत्राची पद्धत मांडली, त्यातही गाभा हाच आहे: तज्ज्ञाच्या सोबतीने, पायरीपायरीने, घाबरवणाऱ्या गोष्टीसमोर थांबणं.

दोन-तीन महिने खंड पडला, तलाव बदलला, एकदा नाकातोंडात पाणी गेलं, की भीती पुन्हा डोकं वर काढेल. तेव्हा सगळं वाया गेलं असं समजू नका, दोन टप्पे मागे जा आणि तिथून वर या. दुसऱ्यांदा वेळ कमी लागतो. म्हणूनच जमलेल्या गोष्टी शेवटी वेगवेगळ्या तलावांत, वेगवेगळ्या वेळी, गॉगल असताना आणि नसताना करून बघा. एकाच तलावात, एकाच सोबत्याबरोबर गेलेली भीती त्या जागेपुरतीच जाते.

तलावात आत्मविश्वास आला म्हणून नदी, विहीर, समुद्र यांना तोच नियम लावू नका. तिथे तळ दिसत नाही, प्रवाह असतो, पाणी गार असतं, काठ निसरडा असतो. तिथे वाटणारी भीती बरोबर माहिती देत असते, तिचं ऐका. आणि एक लक्षात ठेवा: बुडणारा माणूस बहुतेकदा हाका मारत नाही, हात हलवत नाही, तोंड पाण्याच्या पातळीशी खालीवर होत असतं आणि ओरडायला श्वासच उरलेला नसतो. तुमच्यासोबत कोणी पाण्यात असेल तर शांतता म्हणजे सगळं ठीक, असं गृहीत धरू नका. वाचवायला स्वतः उडी मारू नका, दोर, काठी, फळी, जे तरंगेल ते पुढे करा आणि जीवरक्षकाला हाक द्या.